ब्रेक दाबल्यावर चाक फिरत का राहावे?

गेल्या अंकातील वाहनविम्यावरील लेख वाचून अकोल्याच्या एका वाचक-भगिनींनी दूरध्वनी केला. त्यांच्या घरी नवी मोटार घ्यावयाची आहे. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर एबीएस, ईबीडी, टीसीएस, ईएससी अशी अक्षरे ओळीने छापलेली, आणि घरातील चिरंजीवांचे सारे लक्ष मात्र छतातील काचेच्या खिडकीवर. ‘ही अक्षरे म्हणजे नेमके काय, आणि त्यांच्यासाठी जादा रक्कम मोजावी का, हे एकदा आपल्या भाषेत सांगा,’ असा त्यांचा आग्रह. मी वाणिज्य शाखेचा माणूस; यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे हाताळताना तारण म्हणून जी वस्तू आपण लिहून घेतो, ती चालते कशी हे ठाऊक असावे, अशी माझी समजूत होती. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील रस्ते ज्या वेगाने बदलले, तो वेग पाहता हा विषय आता घरोघरचा झाला आहे.

अमरावती–अकोला हा आपल्या व्यापाराचा राजमार्ग. कापूस, सरकी, डाळ, किराणा, कापड, सोने-चांदी, सारे याच रस्त्याने आले आणि गेले. कित्येक वर्षे त्याची अवस्था अशी होती की सुमारे शंभर किलोमीटरच्या प्रवासास निघताना मनुष्य पाठीचा पट्टा बरोबर घेई. मग २०२२ साली याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून महिन्याच्या ३ तारखेस सकाळी डांबरीकरण सुरू झाले आणि ७ तारखेच्या सायंकाळी, १०५ तास ३३ मिनिटांनी, एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा सलग पट्टा पूर्ण झाला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथील सुमारे २५ किलोमीटरचा होता. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण रस्ता खडबडीत होता तेव्हा खड्डेच आपला वेग आवरीत होते. आता ते काम चालकाच्या उजव्या पायाकडे आले आहे, आणि त्या पायावर विसंबावे किती, हाच आजचा प्रश्न.

मोटार ब्रेकने थांबते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ब्रेक फक्त चाकाला आवरतो; मोटारीला थांबवतो तो रस्ता. चार टायर मिळून रस्त्याला चार तळहातांएवढ्याच जागेत चिकटलेले असतात. हजार-बाराशे किलो वजनाचे वाहन आणि त्यातील सारे कुटुंब त्या चार तळहातांच्या पकडीवर विसंबून असते. ही पकड अमर्याद नाही, हे ध्यानात आले की पुढचे सारे सोपे होते.

आपल्या वाचकांसाठी याहून जवळचा दाखला सापडणार नाही, तो कॅश क्रेडिट खात्याचा. बँक मर्यादा मंजूर करते. परंतु प्रत्यक्षात किती उचल करता येईल, ती ड्रॉइंग पॉवर, गोदामातील मालावर ठरते. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल घटला की उचल घटते, मंजुरीपत्रावर आकडा कितीही मोठा असो. टायरच्या पकडीचे तसेच आहे. कोरडा चांगला डांबरी रस्ता म्हणजे भरलेले गोदाम. पाऊस पडला की निम्मा माल कमी. रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल पसरला की गोदाम जवळजवळ रिकामे. आणि या एकाच खात्यावर तीन जण धनादेश लिहीत असतात : ब्रेक, स्टिअरिंग आणि एक्सलरेटर. ब्रेकने सारी मर्यादा उचलली की स्टिअरिंगचा धनादेश वटत नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना वळणावरच जोरात ब्रेक मारू नये, वळणाआधीच वेग कमी करावा, असे जुने चालक सांगत, त्यामागे हाच हिशेब होता.

आता थोडी आकडेमोड. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. कोरड्या रस्त्यावर त्यापुढे सुमारे ३६ मीटर लागतात. एकूण ५८ मीटर. तोच रस्ता पावसाने ओला असेल आणि पकड ढोबळमानाने चार-सप्तमांशावर आली असेल, तर तीच बेरीज ८५ मीटरवर, म्हणजे सुमारे २८० फुटांवर जाते. ताशी ४० च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर हेच काम २० मीटरमध्ये होते. वेग दुप्पट, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट. चक्रवाढ व्याजाला भिणाऱ्या आपल्या मंडळींनी या वाढीलाही भ्यावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. पहाटेच्या धुक्यात, महामार्गाच्या कडेने, दिव्याविना, अनवाणी चालणारी ती पावले आपण दर्शनाला निघालेल्या मोटारीतूनच पाहतो. धुक्यात दृष्टी पन्नास मीटर पोहोचत असेल, तर ८० च्या वेगाने निघालेल्या वाहनात जगातील कोणतेही यंत्र असले, तरी वरची बेरीज त्यात मावत नाही.

हे झाले चाक फिरते आहे असे गृहीत धरून. चाक थांबले तर? घाबरलेला चालक ब्रेकवर सारे वजन टाकतो, तेव्हा जुन्या मोटारीत नेमके तेच होते. चाक जाम होते आणि टायर रस्त्यावरून घासत जातो. फिरत्या टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, म्हणून पकड घट्ट. घसरणाऱ्या टायरची पकड कमी. लाकडी कपाट ढकलून पाहा : हलेपर्यंत जोर जास्त लागतो, एकदा सरकू लागले की कमी. त्याहून मोठा घात असा की, जाम झालेले चाक दिशा मानत नाही. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले तरी मोटार सरळच जाते, कारण वळण घेण्यासाठी चाक फिरत असावे लागते. जाणते ट्रकचालक म्हणून ब्रेक ‘मारून सोडून, मारून सोडून’ लावीत. संकटाच्या क्षणी हे भान शंभरात किती जणांना राहील?

एबीएस, अर्थात अँटी-लॉक ब्रेक, हेच काम यंत्राकडून करवून घेते, आणि माणसाच्या पायाहून पुष्कळ वेगाने. प्रत्येक चाकाजवळ दातेरी किंवा चुंबकीय कडे असते आणि त्यापुढे एक बारीक संवेदक. कडे फिरले की विद्युत्-स्पंद निघतात. स्पंद मोजले की चाकाचा वेग कळतो. चारही चाकांचे हे आकडे एका छोट्या संगणकाकडे अखंड जात असतात. ब्रेक लावल्यावर सारी चाके मंदावणारच. पण मोटारीला जितके शक्य आहे त्याहून अधिक झपाट्याने एखादे चाक मंदावू लागले, तर ते जाम होण्याच्या बेतात आहे हे संगणक ओळखतो. त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकतेलाच्या वाटेवर दोन झडपा असतात. पहिली मिटली की दाब आहे तेथेच थांबतो. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी उघडते, थोडे तेल मागे जाते, दाब उतरतो आणि चाक पुन्हा गती घेते. लगेच पहिली झडप उघडून दाब वाढवला जातो. मागे आलेले तेल एक पंप पुन्हा वर ढकलतो. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे आवर्तन होऊ शकते. उद्देश असा की चाक रस्त्याच्या तुलनेत थोडेसेच, शेकडा दहा ते वीस, मागे राहावे. कारण पकड सर्वाधिक असते ती त्याच टप्प्यात. प्रत्येक धनादेशापूर्वी शिल्लक तपासणारा दक्ष अधिकारीच म्हणा ना, आणि तोही चारही खिडक्यांवर स्वतंत्र बसलेला.

ईबीडी हे याचेच धाकटे भावंड. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून मागच्या चाकांना किती दाब द्यावा, गाडीत एकटा चालक आहे की मागे तीन पोती ठेवली आहेत, याचा हिशेब ते ठेवते. एवढे पुरे.

झडपा आणि पंप यांच्या धावपळीचा धक्का पायापर्यंत येतो, आणि येथेच घोटाळा होतो. दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस मी भाच्याबरोबर अकोल्याहून परतत होतो. मूर्तिजापूर मागे पडले होते, बारीक पाऊस होता. शेतातून एक रोही उडी मारून रस्त्यावर आला आणि मधोमध थबकला. भाच्याने ब्रेक दाबला. पेडलखाली करकर आवाज झाला, पायाला थरथर जाणवली, आणि त्याने दचकून पाय उचलला. ‘मामा, ब्रेक तुटला वाटते!’ ‘तुटला नाही, दाबून धर!’ त्याने पुन्हा दाबला, स्टिअरिंग थोडे वळवले आणि आम्ही त्या मुक्या जिवाला वळसा घालून पुढे जाऊन थांबलो. रोही शांतपणे पलीकडच्या तुरीत निघून गेला. भाचा पदवीधर, दहा वर्षे वाहन चालवणारा. पण ती थरथर म्हणजे यंत्र काम करीत असल्याची खूण आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. वाहन हाती देताना हार घालतात, पेढा देतात, छायाचित्र काढतात. हे एक वाक्य मात्र राहून जाते. म्हणून येथे स्पष्ट लिहितो : एबीएस असलेल्या मोटारीत संकटसमयी ब्रेक पूर्ण जोराने दाबावा, दाबूनच धरावा, पंप करू नये, गिअरची गाडी असल्यास क्लचही दाबावा, आणि नजर अडथळ्यावर नव्हे, मोकळ्या जागेवर ठेवून स्टिअरिंग तिकडे न्यावे. पावसाळ्याच्या आरंभी एखाद्या रिकाम्या मोकळ्या जागेत, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, ताशी तीस-चाळीसच्या वेगाने ही थरथर घरातील प्रत्येक चालकाने एकदा अनुभवून घ्यावी.

या यंत्राकडून काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. दक्ष अधिकारी उधळपट्टी थांबवतो. गोदामात नसलेला माल तो आणू शकत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा महिनोन्महिने साचलेली धूळ, टायरची भुकटी आणि तेलाचे डाग यांचा रस्त्यावर लेप तयार होतो. पुढे पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचे लपके महामार्गावर सांडत जातात. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि साबणासारखी होते. अशा थरावर पकड कोरड्या रस्त्याच्या चतुर्थांशाजवळ आली, तर ८० च्या वेगाने केवळ ब्रेकलाच सुमारे १४४ मीटर लागतील, एबीएस असो वा नसो. सैल मुरुमावर किंवा जाड चिखलात तर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर किंचित वाढूही शकते, कारण तेथे जाम झालेले चाक पुढे मातीचा ढीग लोटून स्वतःच अडते. फायदा उरतो तो इतकाच की स्टिअरिंग हातात राहते. घाटात ब्रेक सतत दाबून तापवले, तर तेथेही एबीएसचा उपयोग नाही. उतरताना खालचा गिअर हाच उपाय.

साईडपट्टीचा धोका निराळा. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना डावी चाके डांबराखाली उतरतात. उजवी डांबरावर, डावी ओल्या मातीत. अशा वेळी जोराचा ब्रेक लावला तर उजवी बाजू आवरली जाते, डावी घसरत राहते, आणि जुनी मोटार भिंगरीसारखी उजवीकडे फिरून समोरच्या वाहनापुढे जाते. एबीएस प्रत्येक चाकाचा दाब निराळा आवरत असल्याने हे वळणे पुष्कळ सौम्य होते. मुद्दाम असा दुभंगलेला पृष्ठभाग तयार करून, एका बाजूस गुळगुळीत ओला पट्टा आणि दुसरीकडे डांबर, वाहनांची चाचणी घेतात. मोटारींच्या अशा परीक्षांसाठी आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था आहे. आणि आपल्याला तुलनेने जवळ, इंदूरलगतच्या पीथमपूरला, ११.३ किलोमीटर घेराची वेगवान धावपट्टी असलेले नॅट्रॅक्स केंद्र २०२१ पासून पूर्ण क्षमतेने उभे आहे.

कल्पना जुनीच. विमान उतरताना चाके जाम होऊन टायर फुटत, म्हणून ती प्रथम विमानांत आली. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत विमानाचीच यांत्रिक रचना बसवली गेली. १९७८ मध्ये जर्मनीत मर्सिडीझ आणि बॉश यांनी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणली. आपल्याकडे बराच काळ ती महागड्या मोटारींची मिरवण्याची वस्तू होती. १ एप्रिल २०१९ पासून मात्र विक्रीस येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत एबीएस बंधनकारक झाले. तेव्हा विक्रेता ‘आमच्या गाडीत एबीएस आहे’ असे कौतुकाने सांगू लागला, तर गाडीला चार चाके आहेत हे सांगितल्याइतकेच त्याचे मोल समजावे. जादा पैसे कशासाठी, हा प्रश्न सुरू होतो तो यापुढे.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे टीसीएस, ही एबीएसची उलटी बाजू. तेथे चाक थांबू द्यायचे नाही, येथे ते नुसतेच गरगरू द्यायचे नाही. हा प्रश्न रेल्वेला फार पूर्वीच पडला. बडनेरा किंवा अकोल्याच्या फलाटावर इंजिन उभे असेल तर त्याच्या चाकांपुढे रुळापर्यंत आलेली बारीक नळी पाहा. पावसात पोलादी चाक पोलादी रुळावर घसरू लागले की त्या नळीतून वाळू सोडतात आणि चाक पकड घेते. मोटारीपुढे वाळू टाकत जाणे शक्य नाही, म्हणून अन्य वाट शोधली गेली. मोटारीचा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात असले आणि त्याला विरोधच नसला, तर जोर दोघांनाही नाममात्र मिळतो : चिखलातले चाक भिरभिरते, कोरड्यावरचे स्वस्थ उभे राहते. जिनिंगच्या आवारात पावसाळ्यात हे दृश्य कोणी पाहिले नाही? मग बारदान आणा, पऱ्हाटी आणा, चाकाखाली घाला, चार माणसे मागून लोटा. टीसीएस त्याच चार संवेदकांच्या आधारे भिरभिरणारे चाक ओळखते, फक्त त्या एका चाकाला ब्रेक लावते आणि गरज पडल्यास इंजिनाचा जोरही कमी करते. ब्रेकमुळे त्या चाकाला विरोध निर्माण झाला की दुसऱ्या चाकालाही तेवढा जोर मिळतो आणि मोटार पुढे सरकते. खोल चिखलात मात्र कधीकधी हे यंत्र इंजिनाला इतके आवरते की गाडी हलेनाशी होते. त्यासाठी बहुतेक मोटारींत ते तात्पुरते बंद करण्याचे बटण असते. त्यावर नागमोडी रेघा सोडणाऱ्या मोटारीचे चित्र असते. बाहेर निघताच ते पुन्हा चालू करावे.

याच सामग्रीत स्टिअरिंगचा कोन आणि मोटारीचे स्वतःभोवती फिरणे मोजणारे संवेदक मिळवले की ईएससी तयार होते. चालकाने कोठे वळायचे ठरवले आणि मोटार प्रत्यक्षात कोठे चालली आहे, यांचा ताळमेळ ते घालते. फरक पडला की योग्य त्या एकाच चाकाला ब्रेक लावून मोटार रेषेत आणते. १९९७ मध्ये स्वीडनच्या पत्रकारांनी, रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले असे मानून झटकन वळण्याची चाचणी घेतली, आणि मर्सिडीझची छोटी ए-क्लास मोटार उलटली. एवढ्या मोठ्या कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि ही प्रणाली त्या छोट्या मोटारीत सरसकट द्यावी लागली. रोह्यांनी भरलेल्या आपल्या शिवारातून जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट परदेशी वाटू नये. अकोल्याच्या भगिनींना माझे उत्तर असे : दोन प्रकारांमध्ये निवड करावयाची असेल, तर ज्यात ईएससी आहे तो घ्यावा. त्याबरोबर टीसीएस बहुधा येतेच. काचेचे छत नसले तरी चंद्र दिसतो.

जुनी मोटार घेत असाल तर आणखी एक काम करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत एबीएस नव्हते. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. किल्ली फिरवली की फलकावर एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर यंत्रणा बंद आहे. साधे ब्रेक चालतील, पण संरक्षण नाही. आणि मुळीच लागला नाही, तर अधिक संशय घ्या : बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दिवाच काढून टाकणारे महाभाग बाजारात आहेत. लेखापरीक्षणात आम्ही कोऱ्या रकान्याला चुकीच्या आकड्याहून जास्त घाबरत असू. लाल दिवा लागून राहिला तर मात्र गोष्ट निराळी; हँडब्रेक ओढलेला नसेल तर ब्रेकतेल कमी झालेले असू शकते, तेथेच थांबावे. ब्रेकतेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, बदलावे. टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो टायर संपला. खाचेतल्या बारीक उंचवट्यांशी रबर समपातळीत आले की ते कळते. गुळगुळीत टायरवर एबीएस म्हणजे रिकाम्या गोदामावर नेमलेला पहारेकरी.

राहिला प्रश्न दुचाकींचा, आणि मला वाटते तोच अधिक गंभीर आहे. मोटारीचे चाक जाम झाले तर मोटार घसरते. दुचाकीचे पुढचे चाक जाम झाले तर माणूस पडतो. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्याहून लहान दुचाकींना, म्हणजे ज्या स्कूटरवर आपल्या मुली महाविद्यालयात जातात आणि दुकानातील मुले उधारीची वसुली करून येतात, त्यांना २०१९ च्या त्या नियमाने सीबीएस पुरेसे धरले गेले. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, इतकेच. चाक जाम होऊ न देण्याची हमी त्यात नाही. ही दोन अक्षरसंक्षेपे दिसायला सारखी असल्याने अनेक पालक समाधानाने घरी येतात. लहान दुचाकींतही पुढच्या चाकाला एबीएस असलेली काही मॉडेल्स मिळतात. दुकानात गेल्यावर ‘सीबीएस की एबीएस’ असे शब्द उच्चारून विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.